तोंड लावलेलं वाद्य

मागच्या आठवड्यात नातीच्या शाळेतून रेकॉर्डर आला. रेकॉर्डर म्हणजे प्लॅस्टिकची बासरी, वर चोच, पुढं सात भोकं आणि मागं अंगठ्याला एक. सीलबंद पिशवीत, तिच्या नावाची चिठ्ठी लावून, आणि सोबत पालकांसाठी सूचना की वाद्य दुसऱ्या कुणाला वाजवायला देऊ नये. नातीनं दोन मिनिटं पीं-पीं केलं आणि कंटाळून माझ्या हातात दिला. मी तो ओठांना लावते न लावते तोच माझी सून आतून आली, हसत हसत माझ्या हातून काढून घेतला, 'आई, त्यांच्या टीचरनी सांगितलंय ना' म्हणाली, आणि नळाखाली धरला. नुसता धुतला हं, उकळला नाही. आमच्या घराण्यानं चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एवढीच मजल मारली आहे. माझं डोकं असं फिरलं की केलेला चहा तसाच टाकून मी अंगणात जाऊन बसले. सुनेला वाटतं शुगर वाढली की मला असा राग येतो. शुगरचा काडीचा संबंध नाही. हा राग मी शाळेत होते तेव्हापासूनचा आहे, आणि तो कुणावर आहे ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून हे पान उघडलं.

आमचं गाव शहादा आणि सारंगखेड्याच्या मधे, तापीच्या काठाला. गल्ली सगळी गुजर पाटलांची. घरात आम्ही गुजरी बोलायचो, ओट्यावरून खाली उतरलं की अहिराणी, आणि शाळेत पुस्तकातली मराठी, जी बोलताना पोरी अंग चोरून उभ्या राहायच्या. घर मोठं होतं पण माणसांसाठी नव्हतं, कापसासाठी होतं. वेचणी सुरू झाली की मधली खोली कापसानं भरायची, भरता भरता माळवदाला टेकायची, आणि आम्ही पोरं उरलेल्या फटीतून सरपटत वर जाऊन झोपायचो. नाकातोंडात तंतू जायचे. मायचा सगळा दिवस चुलीपुढं जायचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, लसणाची चटणी, कढी आणि डाळीचे वाफवलेले फुनके, आणि वेचणाऱ्या बायांचं वेगळं. वेगळं म्हणजे वेगळ्या भांड्यातलं. त्यांच्यासाठी आणि बाहेरून येणाऱ्या कारागिरांसाठी गोठ्यातल्या कोनाड्यात चार कपबश्या आणि दोन जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, पेले उपडे ठेवलेले असत. चहा वरून ओतायचा, कप त्यांनीच धुऊन कोनाड्यात ठेवायचा, आणि नंतर घरातल्या कुणीतरी तो परत राखेनं घासायचा. हे कुणी कधी शिकवलं नाही. उजव्या हातानं जेवायचं हे जसं आपोआप आलं तसंच हेही आलं. मी आठ वर्षांची असताना ते कप बिनचूक घासत होते, आणि मला शाबासकी मिळायची.

मी एस.टी.नं शहाद्याच्या शाळेत जायची. एका वर्षी कुठूनशी शाळेला रेकॉर्डरची पेटी भेट आली. डझनभर रेकॉर्डर, पिवळट पांढरे, हस्तिदंती म्हणत सर. बॅण्डसाठी पोरी निवडल्या चोवीस, म्हणजे दोघींत एक. माझ्या जोडीला रनाळ्याची एक पोर होती, मामाकडं राहून शिकणारी. आधी ती वाजवायची, मग ओढणीला चोच पुसून मी. पेटी भेट देणाऱ्यानं शिकवणारा काही सोबत पाठवला नव्हता. ड्रिलच्या सरांना शिट्टी सोडून दुसरं काही वाजवता येत नव्हतं. मग त्यांनी गुलाब मास्तरांना बोलावलं.

गुलाब मास्तर म्हणजे शहाद्यातल्या एका लग्नाच्या बॅण्डचे क्लॅरनेटवाले. एस.टी. स्टँडच्या मागं मुसलमान वस्तीत त्यांची एक खोली होती, पुढं बॅण्डचे लाल कोट टांगलेले आणि मागं त्यांचा संसार. उंच, बारीक, गालांना खळगे पडलेले, फुंकून फुंकून माणूस आतून रिकामा झाल्यासारखा. सर त्यांना शिक्षकांच्या खोलीत बसवत नसत. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे आणि आम्ही अंगणात त्यांच्यापुढं मांडी घालून. त्यांनी रेकॉर्डर आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता, पण हातात घेऊन उलटासुलटा केला, एकेक भोक झाकून पाहिलं आणि पाव तासात कवायतीची अख्खी धून वाजवून दाखवली. मग आम्हाला म्हणाले की फुंकायचं नाही. आम्ही सगळ्या जणी चूल फुंकल्यासारख्या फुंकत होतो आणि तो बापडा रेकॉर्डर किंचाळत होता. खिडकीच्या काचेवर वाफ धरायला जेवढी हवा सोडतो तेवढीच सोडायची, प्रत्येक सुराला जिभेनं आतल्या आत 'तू' म्हणायचं, आणि वरचा सूर हवा असेल तर जोर करायचा नाही, मागच्या भोकावरचा अंगठा नखाएवढा दुमडायचा. तेवढ्यानं तोच सूर आठ पायऱ्या वर जाऊन उभा राहायचा. मला ते पहिल्याच दिवशी जमलं. का जमलं ते मला माहीत नाही. पण अंगठा दुमडल्यावर तो सूर स्वच्छ वर गेला तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते पुढं कशानंच झालं नाही, लग्नानं नाही, नोकरीनं नाही, आणि मी ते लाज न बाळगता सांगते.

पण मी एक चूक सतत करायची. कठीण जागा आली की श्वास धरून ठेवायची. बोटं पुढं जायची आणि हवाच बंद. मास्तर पायरीवरून न रागावता म्हणायचे, "सांस मत रोक, बेटी." दिवसातून दहा वेळा. इतर पोरी मला त्यावरून चिडवायच्या.

शनिवार-रविवारी रेकॉर्डर घरी न्यायची पाळी असायची. घरात वाजवलं तर मोठेकाका ओरडणार. मोठेकाका म्हणजे आबांचे थोरले भाऊ, घराचा कारभार त्यांच्याकडं, आणि आबा, म्हणजे माझे वडील, त्यांच्यापुढं मान वर करत नसत. म्हणून मी कापसाच्या खोलीत जायची. वर चढून, कापसात खड्डा करून, त्यात बसून वाजवायची. कापूस आवाज गिळून टाकतो. दोन हातांवर धान्य पाखडणाऱ्या बायांना काही ऐकू जायचं नाही. मला वाटायचं मी फार हुशार आहे. पण चोचीत जी बारीक फट असते तिच्यात कापसाचे तंतू अडकायला लागले, तोंडातल्या ओलाव्यानं तिथंच चिकटायला लागले, आणि एका रविवारी आवाज येईनासा झाला. मी चुलीपुढं बसून झाडूच्या काडीनं ती फट कोरत होते तेव्हा मायनं पाहिलं. काडीला ओला, काळपट गोळा लागून आला. मायनं विचारलं, "हाई काय शे?" मी सांगितलं. मग तिनं विचारलं, "कितल्या पोरी याले तोंड लावतस?"

मी खरं सांगून टाकलं. दोघी. आणि कुणाकुणाच्या पोरी आहेत बॅण्डमध्ये तेही सांगितलं, कारण तेव्हा मला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. माय रागावली नाही. माझी माय कधीच रागावत नसे, तिच्या वाटचा राग बहुतेक माझ्यात आला. ती उठली, तो रेकॉर्डर आधी राखेनं घासला, मग तपेल्यात पाणी ठेवलं, कडुनिंबाचा पाला टाकला आणि त्यात तो सोडला. बाळाची बाटली उकळतात तसा. मी अंघोळीला गेले होते. येऊन पाहते तर माय तो पदरात धरून पुसत होती आणि तिचा चेहरा पडला होता. तो मधेच वाकला होता, भेंडीसारखा. दोन भोकं लांबट झाली होती, चोच एका बाजूला बसली होती. माय मला म्हणाली, "पन आते चोखं व्हयी गयं." तिला मला धीर द्यायचा होता. मी तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि इतकं वाईट बोलले की ते मी इथं लिहीत नाही. ती पीठ मळायला बसली. माझ्यासाठी चांगलं करायला गेली होती ती बाई. हे मला तेव्हाही कळत होतं आणि तरीही मी बोलले.

ड्रिलच्या सरांनी तो वाकडा रेकॉर्डर सगळ्या वर्गापुढं वर धरून दाखवला, माझ्याच हातात परत टाकला आणि मला बॅण्डमधून काढलं. माझ्या जोडीच्या पोरीलाही काढलं, कारण एकच रेकॉर्डर होता. ती पोर माझ्याशी वर्षभर बोलली नाही आणि मी तिला बोलावलंही नाही. सव्वीस जानेवारीला बाकीच्या पोरींनी कवायतीची धून वाजवली, वरच्या सुरांना सगळ्या जणी किंचाळल्या, आणि मी मैदानाच्या कडेला रांगेत उभी राहून मुठी आवळत होते. वरचा सूर माझा होता.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तो वाकडा रेकॉर्डर दप्तरात घालून स्टँडमागच्या खोलीवर गेले. माझी बस दोनला असायची. वाकडा रेकॉर्डर दुरुस्त होईल अशी मला आशा होती. मास्तरांनी तो पाहिला, उकळल्याचं ऐकलं आणि इतके हसले की आतून त्यांच्या बीबी बाहेर आल्या. मला रडू फुटलं तेव्हा त्यांचं हसू थांबलं. ते उठले, टांगलेल्या कोटांखालून एक चपटी पेटी काढली. आत हिरवं मखमल होतं, जागोजागी झिजलेलं, आणि त्यात काळ्या लाकडाचं क्लॅरनेट तुकड्या तुकड्यांत निजवलेलं होतं. त्यांनी ते जोडलं, चोचीला वेताची पत्ती बांधली, आणि मला देण्याआधी एक विचारलं. "घर में मालूम है?"

मी म्हणाले, हो.

हे एक अक्षर मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या माणसाचा नियम होता की घरच्यांनी सांगितल्याशिवाय पोराच्या हातात वाद्य द्यायचं नाही, पोरीच्या तर नाहीच. तो नियम त्यानं माझ्या शब्दावर मोडला. त्यानं चोच धुतलेल्या फडक्यानं पुसली आणि माझ्यापुढं केली. मी ती परत माझ्या ओढणीला पुसली. त्याच्या डोळ्यांदेखत. त्यानं नजर दुसरीकडं वळवली.

क्लॅरनेटचा पहिला आवाज बदकाच्या गळ्यावर पाय पडल्यासारखा आला. रेकॉर्डरमध्ये नुसती हवा सोडायची असते, इथं खालचा ओठ दातांवर दुमडून त्यावर पत्ती धरावी लागते, आणि पहिले तीन शनिवार माझा ओठ आतून सोलून निघाला. घरी मी म्हणायची की चटणी झोंबते. पण बोटं ओळखीची होती. मागं अंगठ्याजवळ एक बटण होतं, ते दाबलं की सूर रेकॉर्डरसारखा आठ नाही, बारा पायऱ्या वर जायचा, आणि मास्तर म्हणायचे की म्हणून हे वाद्य हट्टी आहे, याला वरच्या घराची बोटं वेगळी लागतात. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेत ते दरसाल वाजवायला जात. सांगायचे की घोड्याला ताल ढोलाचा कळतो, पण पाय तो उचलून धरतो लांब सुरावर, सूर संपेपर्यंत खाली ठेवत नाही, म्हणून सूर अर्ध्यात तोडला तर जनावराचा अपमान होतो. मग मला एकच सूर धरायला लावायचे. मी धरायची, मधेच श्वास कोंडायची, आणि ते कोट शिवता शिवता म्हणायचे, "सांस मत रोक."

चौथ्या की पाचव्या शनिवारी मी चोच ओढणीला पुसणं सोडून दिलं. ठरवून नव्हे, विसरले. मास्तरांच्या ते लक्षात आलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा लग्नातली चाल शिकवली. पण एक गोष्ट मी सोडली नाही. बीबी दर शनिवारी माठातलं पाणी पुढं करायच्या, उन्हाचे दिवस होते, घसा कोरडा पडलेला असायचा, आणि मी दर वेळी नको म्हणायची. तहान नाही म्हणायची. त्यांची पत्ती तोंडात तासभर धरायची, त्यांच्याच श्वासानं ओली झालेली, आणि त्यांच्या घरचं पाणी नको. मग स्टँडवर येऊन नळाला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायची. या मूर्खपणाचं मला तेव्हा हसूसुद्धा येत नसे. आज येतं ते हसू नाही.

वैशाखात माझ्या मोठ्या बहिणीचं, रतनचं लग्न ठरलं. बॅण्ड मोठ्याकाकांनी ठरवला, आणि तो गुलाब मास्तरांचा निघाला. मी लगेच पुढच्या शनिवारी जाऊन मास्तरांना खरं सांगायला हवं होतं. घरी माहीत नाही, तिथं माझं नाव काढू नका, एवढंच. मी गेलेच नाही. शाळेला सुट्टी लागली आहे अशी मी स्वतःची समजूत घातली. लागलीच होती, पण बस बंद पडली नव्हती.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून घरामागं खापरावर पोळ्या चालल्या होत्या. पालथ्या खापराला जाळ लावून वर परातीएवढी पुरणपोळी टाकायची, त्यासाठी खास दोन बाया सारंगखेड्याहून आणल्या होत्या, आणि त्यांच्या कोपरापर्यंत लोंबणाऱ्या पोळ्या बघायला पोरांची गर्दी. गव्हाच्या तळलेल्या बट्ट्यांचा ढीग, वांग्याची भाजी, तुपाचे डबे. मधली खोली वैशाखात रिकामी असायची, कापूस विकून झालेला, तिथं वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना बसवलं होतं. ओट्यावर आबा, मोठेकाका, नवरदेवाचे वडील आणि त्यांचे दोघे भाऊ. मिरवणुकीला अजून वेळ होता. बॅण्डवाले निंबाखाली कोट घालत होते. मी हातात पानसुपारीचं तबक घेऊन ओट्यावर आले, आणि नेमकं त्याच वेळी गुलाब मास्तरांनी मला पाहिलं.

त्यांचा चेहरा असा उजळला की मला आजही तो तसाच दिसतो. क्लॅरनेट बगलेत धरून ते ओट्याच्या पायरीपर्यंत आले, पायरीवर चढले नाहीत, आणि आबांना हात जोडून म्हणाले की पाटील, तुमचे उपकार आहेत, तुम्ही पोरीला माझ्याकडं शिकायला पाठवलंत. माझ्या बॅण्डमधल्या चौघांना जे चार वर्षांत जमलं नाही ते या पोरीला चार महिन्यांत जमलंय. तुमची परवानगी असेल तर पुढं धुळ्याला एक माणूस आहे, त्याला मी हिच्याबद्दल सांगीन. हे ते साध्या आनंदानं बोलत होते, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कुठल्याही बापाला ऐकून बरं वाटेल असंच ते बोलणं होतं. आणि मीच त्यांना सांगितलं होतं की घरी माहीत आहे.

आबांनी आधी मोठ्याकाकांकडं पाहिलं, मग व्याह्यांकडं. नवरदेवाच्या एका काकानं हळूच विचारलं की शिकते म्हणजे काय, तेच वाजवते का, यांच्या तोंडचं? मोठेकाका हसले. त्यांचं ते हसणं मला माहीत होतं, बैल विकताना दलालापुढं हसत तसं. म्हणाले, "मास्तर, आमनी पोर तुमना बाजाले तोंड लावी का?" आणि मग आबा माझ्याकडं वळले. "मास्तर काय सांगी ऱ्हायनात, खरं शे का?"

आत रतन हळद लावून बसली होती. तिचं लग्न माझ्या एका शब्दावर टांगलंय असं मला वाटलं. पुढं कितीतरी वर्षं मी हेच कारण स्वतःला सांगत आले. आता सांगत नाही. लग्न काही मोडलं नसतं. मांडव पडला होता, पोळ्या झाल्या होत्या, व्याही शहाणे होते. मला दोन थोबाडीत बसल्या असत्या, शाळा सुटली असती कदाचित, आणि मायला चार दिवस ऐकून घ्यावं लागलं असतं. बस. एवढ्याला मी घाबरले.

मी तबक खाली न ठेवता म्हणाले, "नही आबा. मी त्याले कधी हात नही लावा. यास्ले दुसरी कोणी पोर वाटनी व्हई."

सगळे मास्तरांकडं पाहायला लागले. आता काय होऊ शकत होतं ते त्या ओट्यावर मास्तर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बहुतेक त्यांनाही ठाऊक होतं. पाटलाच्या वयात आलेल्या पोरीचं नाव भरल्या लग्नात घेणारा बॅण्डवाला मुसलमान. गल्लीतले दोन तरणे उठून उभेच राहिले होते. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. त्यांनी नुसतं सांगितलं असतं की हिच्या खालच्या ओठाच्या आत बघा, पत्तीचा वळ असेल, तर मी संपले असते. ते म्हणाले, "हां पाटील, मन्हीच चूक व्हयनी. दुसरी पोर व्हती ती. नजर कमजोर व्हयी गयी आते." आणि त्यांनी परत हात जोडले, या वेळी माफीसाठी.

मोठेकाका मग मोठ्या मनाचे झाले. त्यांना मोठ्या मनाचं व्हायला फार आवडे. म्हणाले, चला, माणूस आहे, चूक होते, मास्तरांना चहा द्या. आणि मलाच म्हणाले, तू दे. हे त्यांनी मुद्दाम केलं की सहज, ते मला आजवर कळलं नाही. ते वारले तेव्हा मी रडले नाही. सगळ्यांना ते खटकलं.

मी गोठ्यात गेले, कोनाड्यातला एक कप घेतला, चुलीवरून किटली घेतली. मास्तर पायरीखाली एकटेच उभे होते, कप त्यांनी पुढं धरला. मी वरून चहा ओतायला लागले, कपाला किटलीचं तोंड लागू न देता, बिनचूक, जसं आठव्या वर्षापासून करत आले तसं. फक्त चहा बशीत सांडत होता. मास्तर कपाकडं बघत होते. मान वर न करता, माझ्यापुरतं, ते म्हणाले, "सांस मत रोक, बेटी."

एवढंच. रागानं नाही, टोचून नाही. जसं दर शनिवारी म्हणायचे तसंच. मी खरंच श्वास धरला होता. त्यांनी शिवी दिली असती तर मी आज सुखानं राहिले असते.

मग मिरवणुकीची घाई झाली, कुणीतरी हाक मारली, आणि ते अर्धा कप तसाच पायरीवर ठेवून गेले. घोड्यावर नवरदेव बसला, ढोल सुरू झाला, आणि मास्तर वाजवायला लागले. चांगलं वाजवलं. वाईट वाजवलं असतं तरी मला बरं वाटलं असतं, पण तो माणूस कसा वाईट वाजवील. लांब सूर मारुतीच्या देवळापर्यंत न तुटता गेला. सगळी गल्ली त्यांच्या मागं निघून गेली. घरात मी, खापरावरच्या बाया आणि हळदीनं पिवळी झालेली रतन.

मी त्यांच्याकडं परत कधी गेले नाही. आमच्या गल्लीनं तो बॅण्ड पुढं ठरवला नाही. मी शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले, भूगोल शिकवला. शहाद्यातच संसार केला, त्या स्टँडवरून हजार वेळा गेले, आणि मागच्या गल्लीत एकदाही वळले नाही. मास्तर गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं, तेही भाजीवाल्याकडून. आता आमच्या गल्लीतली माणसं व्हॉट्सअ‍ॅपवर माणुसकीचे सुविचार पाठवतात, आणि मी तो ग्रुप सोडते, आणि कुणीतरी मला परत घेतं. त्यांच्यावर मी चिडते, सुनेवर चिडते, त्या सूचनापत्रावर चिडते. मायवर चिडणं मात्र मी केव्हाच सोडलं. तिनं निदान तपेलं उघड्यावर ठेवलं होतं.

त्या दिवशी मिरवणूक देवळाकडं वळल्यावर मी पायरीवरचा तो कप उचलला आणि गोठ्यात गेले. चहा निवला होता, वर साय धरली होती. कडेला जिथं त्यांचे ओठ लागले होते तिथं ओला ठसा होता. मी बरोबर तिथंच तोंड लावलं आणि तो अर्धा कप सगळा पिऊन टाकला. गोठ्यात बैलांशिवाय कुणी नव्हतं. नंतर मी तो कप राखेनं घासला, दोनदा विसळला, आणि कोनाड्यात होता तसा उपडा ठेवून दिला.